मधला कोंब

खैरुद्दीनच्या हाताबद्दल साइटवर एक गोष्ट सांगत. मोठ्या पोकलेनने चर खणता खणता त्याने एकदा मशीन मध्येच बंद केलं, खाली उतरला आणि वाळूत हात घालून पाण्याची एक जुनी नळी अलगद वर काढली. तिला ओरखडाही नव्हता. कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "बकेट अडखळली जराशी." त्याचे सुपरवायझर राजाभाऊ सगळ्यांना सांगत सुटले, "याच्या बकेटच्या दातांना जीभ आहे रे. चाखून खणतो."

खैरुद्दीन श्रीवर्धनचा. त्याचे वडील दुसऱ्यांच्या वाड्यांमध्ये नारळ-सुपारीला पाणी शिंपायचे. हा मुंबईच्या बंदरात मशीन चालवायला शिकला आणि मिशी फुटण्याच्या वयात दुबईला गेला. लग्न झालं, बायको जुलेखा गावीच राहिली. तो दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, पुन्हा जायचा. गावातल्या निम्म्या घरांची हीच रीत होती, त्यामुळे कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

राजाभाऊ चिंचवडचे, पण लहानपण गिरगावात गेलेलं. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "राहतोस कुठं?"

"सोनापूरला, कामगारांच्या कॅम्पात."

"अरे देवा! आमच्या मुंबईत सोनापूर म्हणजे मसणवटा. रोज तिथून उठून कामावर येतोस?"

"येतो ना," खैरुद्दीन म्हणाला, "आणि संध्याकाळी परत तिथंच जाऊन पडतो."

दोघंही पोट धरून हसले, आणि तेव्हापासून त्यांचं जमलं. त्या मुलखात शब्द असेच फसवायचे. एका खोलीत चार भाषांची माणसं राहायची आणि सगळ्यांचा मिळून कारभार मूठभर शब्दांवर चालायचा. यल्ला म्हणजे चल, सीदा म्हणजे सरळ, आणि काम संपलं की खलास. खलास तर खैरुद्दीनला आपल्या घरचाच वाटायचा. नमाजातली अरबी त्याला लहानपणापासून पाठ होती, पण बोलण्यातली कधी धड आली नाही. मान हलवायची, ऐवा म्हणजे होय म्हणायचं आणि शेवटी खलास म्हणायचं. एवढ्यावर त्याची इतकी वर्षं निभावली होती.

मग दोन हजार आठ सालचा शेवट आला आणि मंदी पसरली. क्रेन ज्या दिशेला तोंड करून होत्या त्याच दिशेला थांबल्या. रोज कुणी ना कुणी बॅग भरून खोलीतून जायचं. खैरुद्दीनचं मोठं मशीन यार्डात रांगेत उभं केलं गेलं. तो दोनदा ते बघायला गेला. दुसऱ्या खेपेला सीटवर वाळूचा थर साचला होता. त्याने तो हाताने झाडला आणि परत आला.

राजाभाऊंचीही नोकरी गेली होती, पण त्यांची बायको आशा तिथल्याच शाळेत शिकवत होती, मुलांची वर्षं चालू होती. त्यांना परतणं जमण्यासारखं नव्हतं. गुंडाळलेल्या एका कंपनीकडचं छोटं मशीन त्यांनी घेतलं आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात एका शेडच्या कोपऱ्यात ठेवलं. खैरुद्दीनला बोलावून म्हणाले, "खैरूभाई, टॉवर आता कुणी बांधत नाही. पण लोकांच्या घरी खणायचं कधी संपत नसतं. कुणाला पूल हवा, कुणाला बाग, कुणाची सेप्टिक टँक तुंबलेली. बस यात."

खैरुद्दीन बसला तर गुडघे हनुवटीला टेकले. "राजाभाऊ, हे मशीन आहे की पोराची सायकल?"

"हळू बोल, ती ऐकते."

त्या मशीनला चाकांऐवजी रबराचे पट्टे होते. व्हिलाच्या बाजूच्या अरुंद दारातून अंग चोरून आत जायचं, अंगणातल्या फरशीला चरा पडू द्यायचा नाही, भिंतीला बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, लागू द्यायचा नाही. खैरुद्दीनला ते काम हळूहळू आवडायला लागलं. मोठ्या साइटवर आपण कुणासाठी खणतो हे कधी दिसत नसे. इथं दोरीवर कपडे वाळत असायचे, आतून कांदा तळल्याचा वास यायचा, कुणीतरी चहा आणून द्यायचं. सोनापूरच्या खोलीत राहून घर कसं असतं हे तो विसरत चालला होता. खणता खणता त्याला ते आठवायचं.

हिवाळा सरता सरता अबू धाबीच्या खलिफा सिटीत एक काम मिळालं. राशिद नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याचा व्हिला. त्याला मुलांसाठी मागच्या अंगणात पोहण्याचा छोटा हौद हवा होता. राजाभाऊंनी चुन्याने रेघ आखून दिली. ती एका खजुराच्या झाडाला जवळजवळ घासून जात होती. दोन पुरुष उंचीचं झाड, खालच्या झावळ्या वाळून लोंबलेल्या. बराच काळ कुणाचा हात लागलेला नसावा.

"हे झाड?" खैरुद्दीनने विचारलं.

"राशिद म्हणाला आईला विचारा, ती सांगेल तसं. मला दुसरीकडे माप घ्यायला जायचंय. तू बघून घे," राजाभाऊ म्हणाले आणि पिकअप घेऊन गेले.

घरात कामाला खतीजा नावाची हैदराबादची बाई होती. ती दारातून ओरडली, "भाई, जरा ठैरो, मामा आ रहे!"

खैरुद्दीन उठून उभा राहिला. मामा म्हणजे कुणी पुरुष असेल असं वाटून त्याने टोपी नीट केली. बाहेर आली ती काळी अबाया घातलेली वाळकी म्हातारी. त्याला हसू आलं. तिथले नोकर घरातल्या मोठ्या बाईला मामा म्हणतात हे तो विसरलाच होता. खतीजा आत स्वयंपाकघरात परतली.

त्याने सलाम केला, मशीनवर बसला, बकेट झाडाच्या दिशेने उचलली आणि मान वळवून विचारलं, "मामा, ये?"

म्हातारी झाडाजवळ गेली. बुंध्यावर तळहात ठेवला आणि दोनदा थोपटला. "खलास," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून पुन्हा, जरा जोर देऊन, "खलास."

"ऐवा, मामा," खैरुद्दीनने छातीवर हात ठेवला. "खलास."

म्हातारीचा चेहरा खुलला. ती काहीतरी बरंच बोलली, हाताने थांब अशी खूण केली आणि लगबगीने आत गेली. ती खूण खैरुद्दीनला, सावकाश कर, अशी वाटली.

त्याने सावकाशच केलं. झाडाच्या चहूबाजूंनी चर काढला. मुळं तुटल्याचा आवाज येत होता, कापड फाटल्यासारखा. वाडीत वाढलेल्या माणसाला तो आवाज बरा वाटत नाही. पण झाड म्हातारं झालंय, घरधनीण स्वतः सांगून गेली आहे, आपण कोण. त्याने बकेट बुंध्याला टेकवली आणि ढकललं. झाड मुळांसकट कलंडलं. जाता जाता शेंडा कुंपणाच्या भिंतीवर आपटला आणि कडक असा आवाज झाला. त्याने मशीन बंद केलं.

तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. मागे खतीजा, तिच्या हातात गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली. म्हातारीच्या हातात ताटली होती, तीत सोनेरी तपकिरी खजूर मांडलेले.

ती जिथल्या तिथे थांबली. ताटली तिच्या हातून पडली नाही. तिने ती वाकून पायरीवर ठेवली, नीट, जणू तिथंच ठेवायची होती. त्यातला एक खजूर उचलला आणि खैरुद्दीनला दाखवला.

"हाय खलास," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. हाय म्हणजे हे. मग पडलेल्या झाडाकडे बोट केलं. "हाय... खलास."

खैरुद्दीनला कळेना. त्याने खतीजाकडे पाहिलं. खतीजाने कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला, भाई, ये क्या कर दिए तुम! खलास तो नाम है. झाड का नाम. इस खजूर को खलासइच बोलते. मामा अंदर आके इत्ते खुश थे, बोले, ये हिंदी आदमी खलास को पहचानता, इसको खिलाती मैं. बडे बाबा का झाड है. बडे बाबा, मामा के मियाँ, गुजर गए ना अभी, उनों लगाए सो झाड."

मशीनमधून उतरताना खैरुद्दीनचा पाय घसरला. तो तसाच वाळूत बसला.

फोन गेल्यावर राजाभाऊ धावत आले. राशिद ऑफिसातून आला. तो ओरडेल, पोलिसात जाईल, असं राजाभाऊंना वाटत होतं. राशिद भला माणूस. त्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कामापुरत्या हिंदीत म्हणाला, "मुश्किल नहीं. नर्सरी में बहुत झाड मिलता. नया लगाएगा." म्हातारीने त्याचा हात खांद्यावरून काढला.

"लावतो," खैरुद्दीन एकदम म्हणाला. "नवीन नाही. हेच. राजाभाऊ, सांगा त्यांना. मुळं आहेत अजून. आजच्या आज लावलं तर धरेल."

"खैरूभाई, वरून आपटलंय ते."

"सांगा हो तुम्ही."

अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात त्याने नवा खड्डा घेतला. तळाला खारं पाणी पाझरू लागलं तेव्हा पुन्हा वाळू भरून खड्डा उथळ केला. झाडाला पट्टे बांधून छोट्या मशीनने ओढत नेलं. मशीनची मागची बाजू उचलली जात होती, राजाभाऊ तिच्यावर स्वतःचा भार टाकून उभे होते. झाड उभं राहिलं तेव्हा खैरुद्दीनने चारही बाजूंनी टेकू दिले, झावळ्या वर गोळा करून सुंभाने बांधल्या, हातांनी आळं केलं. म्हातारी पायरीवर बसून सगळं बघत होती. ताटलीतल्या खजुरांना कुणी हात लावला नाही.

परतताना पिकअपमध्ये राजाभाऊ म्हणाले, "त्यांनी तक्रार केली नाही हेच नशीब समज. आता मनातून काढ."

खैरुद्दीन नखांतली ओली वाळू काढत राहिला.

पुढच्या शुक्रवारी तो बस धरून खलिफा सिटीत गेला. तिथल्याच मशिदीत जुम्मा पढला आणि व्हिलाच्या बाजूच्या दारावर टकटक केली. खतीजाने दार उघडलं, आत जाऊन विचारून आली आणि पाण्याची नळी दाखवली. त्याने आळं भरलं, बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. म्हातारी खुर्ची घेऊन सावलीत बसली. त्यानंतरचा प्रत्येक शुक्रवार असा गेला.

हळूहळू ती बोलू लागली. झाडाशी बोलते की आपल्याशी, हे त्याला कळत नसे. पण न कळता मान हलवणं त्याने त्या दिवसापासून सोडलं होतं. प्रत्येक वेळी तो खतीजाला हाक मारायचा, "क्या बोले?" खतीजा कावायची, "भाई, तुम मेरे कू पागल कर देते," आणि तरी सांगायची. बडे बाबांनी हे झाड पिल्लू असताना अल ऐनहून, आपल्या आईच्या बागेतून आणलं होतं. ओल्या पोत्यात गुंडाळून, गाडीत तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेऊन. दर वर्षी थंडी सरली की ते शिडी लावून वर चढायचे आणि फळ धरावं म्हणून नराचा तुरा मादीच्या फुलांत बांधायचे. म्हातारी शिडी धरायची. शिडी धरता धरता ती त्यांना शिव्या द्यायची, म्हातारा झालास, पडशील, मरशील. ताटलीतले खजूर त्यांनी शेवटचा तुरा बांधला त्या वर्षीचे.

"पिल्लं असतील ना याची?" खैरुद्दीनने विचारलं. "बुंध्याशी फुटतात ती?"

झाड तरुण होतं तेव्हा फुटली होती, म्हातारीने सांगितलं. मागणाऱ्यांना देऊन टाकली. कुणाला दिली ते बडे बाबांनाच ठाऊक होतं. आणि बी रुजवून उपयोग नाही, बियांतून दुसरंच काहीतरी उगवतं, खलास उगवत नाही.

श्रीवर्धनला जुलेखा चिडली होती. जुम्म्यानंतर यायचा तो फोन आता संध्याकाळी उशिरा यायचा. "ऐकते मी सगळं राजाभाऊंच्या आशाबाईंकडून फोनवर," ती म्हणाली. "इथले माड मी शिंपते आणि तुम्ही तिकडे परक्यांचं झाड शिंपता. कोण लागते ती म्हातारी तुमची?"

"कुणी नाही."

"मग?"

त्याने सांगितलं. चुकीचा शब्द, ताटली, भिंतीवर आपटलेला शेंडा, सगळं. त्यांच्या परसात एक माड होता. मुलगी झाली तेव्हा खैरुद्दीनने स्वतः खड्डा खणून लावलेला. तिचं नाव सफा. ती चौथ्या वर्षी तापाने गेली, आणि तो दुबईहून पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकलेली होती. जुलेखा रोज सकाळी आधी त्या माडाला पाणी घालायची, मग बाकीच्यांना. त्याचे नारळ कधी विकले नाहीत.

"मधला कोंब ओढून पाहिलात?" जुलेखाने विचारलं.

माड मेला की जिवंत, हे वाडीतली माणसं तसंच ओळखतात. शेंड्यातला मधला कोंब धरून ओढायचा. घट्ट राहिला तर झाड आहे. हातात आला तर नाही.

"नाही पाहिला."

"पाहू नका," ती म्हणाली. "हिरवा दिसतोय ना? मग हिरवा आहे तोवर पाहू नका."

त्याने पाहिला नाही. बाहेरच्या झावळ्या वाळल्या, त्या तर वाळणारच होत्या. मधला कोंब हिरवा होता. एका शुक्रवारी तो बोटभर वर आलाय असं त्याला वाटलं. त्याने खतीजाला बोलावून दाखवलं, खतीजाने मामांना सांगितलं, आणि म्हातारी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. तिने आतून त्याच्यासाठी भात मागवला. हौद तोवर बांधून झाला होता, राशिदची मुलं त्यात उड्या मारत होती. एकाने आजीला इंग्रजीत विचारलं, हा माणूस सारखा का येतो? आजीला इंग्रजी येत नव्हतं, खैरुद्दीनला थोडं येत होतं. त्याने नळीचं पाणी मुलाच्या पायांवर उडवलं. मुलगा खिदळत पळाला.

राजाभाऊंना त्याने फोन करून सांगितलं, "धरलं वाटतं."

"तुझ्या तोंडात साखर पडो."

मग उन्हाळा आला. वारा असा की भट्टीचं दार उघडं राहिलंय. कोंबाचा हिरवा रंग आधी पिवळसर झाला, मग राखाडी. खैरुद्दीन पाणी घालत राहिला. म्हातारीही तो रंग बघत होती. अखेर एके दिवशी तिनेच खुर्चीवरून भिंतीला टेकलेल्या शिडीकडे बोट केलं.

त्याने शिडी लावली. ती उठून आली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली. तो वर गेला. कोंबाला दोन बोटं लावली. ओढावंही लागलं नाही. तो अलगद हातात आला, खालून कुजून काळा पडलेला, आंबूस वासाचा. खैरुद्दीन तो धरून शिडीवर उभाच राहिला. उतरायचं कसं हे त्याला कळत नव्हतं. खालून म्हातारी काहीतरी म्हणाली, आणि त्या वेळी खतीजाला विचारायची गरज पडली नाही. ती म्हणत होती, उतर, पडशील.

झाड काढायला राशिदने राजाभाऊंना निरोप पाठवला. राजाभाऊ म्हणाले, "दुसरा ऑपरेटर बघतो. तू राहू दे."

"मीच जातो."

छोटं मशीन पुन्हा बाजूच्या दारातून आत गेलं. म्हातारी पायरीवर होती. खैरुद्दीनने मशीन चालू केलं नाही. तो चालत झाडाजवळ गेला, बुंध्यावर तळहात ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"मामा, ये?"

"खलास," ती म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. "खतीजा," त्याने हाक मारली. "पूछो उनको. झाड का नाम बोले, के निकालने को बोले?"

खतीजाने विचारलं. म्हातारीने उत्तर दिलं. खतीजाने ओढणीने नाक पुसलं. "बोल रहे, अब दोनों एकीच बात है."

त्याने झाड काढलं. या वेळी मुळं तुटल्याचा आवाज आला नाही, ती आधीच सुकली होती. खड्डा बुजवला, बकेटच्या पाठीने वाळू सारखी केली, फरशी झाडली. निघताना म्हातारीने त्याला थांबवलं आणि आतून ताटली आणली. तेच खजूर, आता थोडेच उरलेले. खैरुद्दीनने एक घेतला. तोंडात घातला तो मधासारखा विरघळला. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती. बी खिशात ठेवली.

राजाभाऊंचं काम पुढे बरं चाललं. खैरुद्दीन आणखी वर्षभर राहिला. खड्डा काढायच्या आधी तो एकच गोष्ट इतक्यांदा विचारायचा की गिऱ्हाइकं वैतागत. काम संपलं की बाकीचे ओरडायचे तो शब्द त्याच्या तोंडून पुन्हा आला नाही. तो फक्त मशीनची चावी काढून दाखवायचा. मग एक दिवस म्हणाला, "राजाभाऊ, आता हात अडखळत नाही. बकेट काही सांगत नाही मला." आणि गावी परतला.

श्रीवर्धनला पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी जुलेखाने त्याला परसात सफाच्या माडाखाली उकिडवा बसलेला पाहिलं. तो बोटांनी माती उकरत होता. शेजारी खजुराची ती बी ठेवलेली होती.

"काय पुरताय?"

त्याने सांगितलं.

"उगवेल?"

"उगवलं तरी ते नाही व्हायचं. दुसरंच काहीतरी येईल."

जुलेखा कळशी घेऊन उभी होती. "मग पाणी घालू की नको?"

खैरुद्दीनने मातीवरून हात फिरवला. "घाल," तो म्हणाला.